विसाव्याचा हक्क

एखादे पुस्तक वाचून मनाला बरे वाटणे ही काही अपराधाची गोष्ट नव्हे. तरीही काही पुस्तकांच्या बाबतीत हे बरे वाटणेच मनाला टोचू लागते. शोकांतिका वाचून डोळे पुसणारा माणूस आपल्या अश्रूंचा खुलासा कोणाला देत बसत नाही. उलट त्या अश्रूंनी आपली योग्यता थोडी वाढली, असेच त्याला वाटत असते. गोड पुस्तक वाचून सुखावलेला माणूस मात्र ते पुस्तक हळूच उशीखाली सरकवतो. "काय वाचताय?" असे कोणी विचारलेच, तर "काही नाही, सहज आपले" असे म्हणून वेळ मारून नेतो. दुःखाच्या वाचनाला प्रतिष्ठा आणि सुखाच्या वाचनाला संकोच, असे का व्हावे? आणि हा संकोच अगदीच निराधार आहे काय? एका कादंबरीच्या निमित्ताने हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि तो वाटला तितका सोपा नाही असे दिसून आले.

सेरा बेथ डर्स्ट ह्या अमेरिकन लेखिकेची 'द स्पेलशॉप' ही कादंबरी २०२४ साली प्रसिद्ध झाली. स्पेलशॉप म्हणजे मंत्रांचे दुकान. इंग्रजीत गेल्या काही वर्षांत 'कोझी फँटसी' नावाचा जो कथाप्रकार रुजला आहे, त्यातलीच ही एक. आपण त्याला ऊबदार अद्भुतकथा म्हणू. ह्या कथांत जादू असते, चमत्कारिक प्राणी असतात. पण जगाचा उद्धार करायला कोणी निघत नाही. ट्रॅव्हिस बाल्ड्री ह्यांच्या २०२२ सालच्या 'लेजेंड्स अँड लाटेज' ह्या गाजलेल्या कादंबरीत लढायांना विटलेली एक धिप्पाड ऑर्क स्त्री तलवार भिंतीला टांगते आणि कॉफीचे दुकान काढते. दुकान चालेल की नाही, एवढीच वाचकाला काळजी.

'द स्पेलशॉप'ची नायिका किएला ही एका मोठ्या साम्राज्याच्या राजधानीत, तिथल्या महाग्रंथालयात काम करते. माणसांपेक्षा तिला पुस्तके बरी वाटतात. सोबतीला कॅझ नावाचे एक बोलणारे झाड आहे. आपल्याकडे खिडकीत टांगलेल्या कुंडीतून ज्याची लांब पट्टेदार पाने खाली झुलत असतात, त्याच स्पायडर प्लँटच्या जातीचे. स्वभावाने भित्रे आणि मोठे प्रेमळ. राजधानीत क्रांती होते, ग्रंथालयाला आग लागते, आणि मंत्रग्रंथांच्या काही पेट्या होडीत घालून ही दोघे निसटतात. किएला येते ती कॅल्ट्रे नावाच्या दूरच्या बेटावर, आईवडिलांच्या ओसाड पडलेल्या घरात. पोटासाठी ती रासबेरीचा जॅम करून विकू लागते. आणि त्याच दुकानाच्या आडून, 'उपाय' अशा साळसूद नावाखाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडचणींवर मंत्रही देऊ लागते. हे चोरून करायचे कारण असे की, साम्राज्याच्या कायद्याप्रमाणे मंत्र वापरण्याचा अधिकार फक्त सनदशीर जादूगारांना आहे. पुढे शेजारच्या घोडेवाल्याशी तिचे प्रेम जमते. त्याचे घोडे अर्थात समुद्रातले. शेवट व्हायचा तसाच गोड होतो.

ही कादंबरी मला फार आवडली. ओसाड बागेत रासबेरीची झुडपे पुन्हा फळतात, जॅमच्या बरण्या भरतात, पावावर लोणी लावले जाते. ह्या साऱ्यात जो निवांतपणा आहे तो खरा आहे. प्रश्न आहे तो ह्या निवांतपणाच्या किमतीचा.

मराठी वाचकाला ह्या प्रश्नाचा एक जुना अवतार परिचित आहे. आपली कादंबरी जन्मली तीच मुळी अद्भुताच्या मांडीवर. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' त्यानंतर काही वर्षांनी आली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः लिहायला घेतली, आणि एका मुलीच्या सोसण्याची गोष्ट तिच्याच तोंडून महाराष्ट्राने ऐकली. तेव्हापासून कादंबरीने दुःखाकडे पाहिले पाहिजे, हा संस्कार आपल्या मनावर घट्ट बसला. पुढे फडके आणि खांडेकर ह्यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद रंगला. वाद मिटला नाही, तो फक्त थकला. पण त्यातून 'पलायन' हा एक शब्द आपल्या टीकेत कायमचा मुक्कामाला आला. ज्या पुस्तकात बोलणारे झाड आहे, जॅम आहे आणि शेवट गोड आहे, त्याच्या कपाळावर हा शिक्का मारायला टीकाकाराला फारसा विचार करावा लागत नाही.

ह्या आरोपाला एक प्रसिद्ध उत्तर आहे. टॉल्किन ह्यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूज विद्यापीठात अद्भुतकथांवर व्याख्यान दिले. पुढे ते निबंधरूपाने छापले गेले. त्यात त्यांनी दोन प्रकारच्या पळण्यांत भेद केला आहे. तुरुंगात पडलेला माणूस घराची आठवण काढतो किंवा भिंतीपलीकडच्या गोष्टी बोलतो, तेव्हा त्याला कोणी भेकड म्हणत नाही. रणांगणातून पाय काढणाऱ्या शिपायाची गोष्ट वेगळी. टीकाकार पहिल्याला दुसरा समजतात, असे टॉल्किन ह्यांचे म्हणणे.

उत्तर सुंदर आहे. पण त्याने माझे समाधान होत नाही. मी कैदी आहे की पळपुटा शिपाई, हे ठरवायचे कोणी? आरामखुर्चीत बसलेल्या, पोटभर जेवलेल्या माणसाने स्वतःला कैदी म्हणवून घेणे फार सोयीचे आहे. ज्याच्यावर कोणतीही लढाई आलेली नाही, तोही ह्या उपमेच्या आडोशाला बसू शकतो.

त्यापेक्षा आपल्या भरतमुनींचे म्हणणे मला अधिक साधे आणि अधिक माणुसकीचे वाटते. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगताना, दुःखाने पीडलेल्या, श्रमाने थकलेल्या, शोकाने व्याकूळ झालेल्या लोकांना ते विसावा देईल, असे म्हटले आहे. तिथे पलायनाचा प्रश्नच नाही. माणूस थकतो, आणि थकलेल्याला विसावा हवा, इतकेच. शिवाय नाट्यमंडपाच्या दारात उभे राहून 'तुम्ही खरोखर थकला आहात काय? थकल्याचा दाखला कुठे आहे?' असे विचारणारा कोणी द्वारपाल भरतमुनींनी नेमलेला नाही. हा त्यांचा मोठेपणा. दिवसभर भाताची लावणी करून आलेली बाई आणि दिवसभर नुसता कंटाळून आलेला सावकार, दोघेही त्याच मंडपात बसतील. सावकाराला गाळून काढायचे म्हणून दारावर चौकशी ठेवली, तर आधी ती बाईच लाजून परत जाईल. म्हणून विसावा मागणाऱ्याकडून आधी हिशेब मागू नये, हे मला मान्य आहे.

पण मग जळलेल्या ग्रंथालयाचे काय? ह्या कादंबरीतले सगळे सुख त्या आगीच्या राखेवर उभे आहे, हे विसरून कसे चालेल? आणि ग्रंथालये काही केवळ कादंबरीतच जळत नाहीत. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने बेल्जममधल्या लूव्हाँ विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले. १९८१ साली, ३१ मेच्या रात्री श्रीलंकेत जाफन्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाला आग लावण्यात आली. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि ताडपत्रावरची जुनी तमिळ हस्तलिखिते त्या आगीत गेली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये साराजेव्होचे राष्ट्रीय ग्रंथालय टेकड्यांवरून झालेल्या तोफांच्या माऱ्याने पेटले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि नागरिकांनी माणसांची साखळी करून, डोक्यावरून गोळ्या जात असताना, हाती लागली तेवढी पुस्तके बाहेर काढली. एक तरुण ग्रंथपाल स्त्री त्या धामधुमीत मारली गेली. तिला कुठल्या बेटावर जाता आले नाही.

हे मनात आले की किएलाच्या जॅमची चव क्षणभर उतरते. परंतु म्हणून ती कादंबरी खोटी ठरते काय? मी पुन्हा ती नीट आठवून पाहिली, आणि मला असे दिसले की हा प्रश्न कादंबरीनेच, तिच्या हलक्या आवाजात, विचारून ठेवलेला आहे. वाचताना आपण सुखावलेलो असतो म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही.

ह्या पुस्तकात सुखे दोन आहेत, आणि ती एकमेकांसारखी दिसतात. पहिले सुख बंद दाराचे. महाग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात किएला आपल्या झाडाबरोबर राहते. कोणी येत नाही, कोणी बोलत नाही, चारी बाजूंना पुस्तकेच पुस्तके. पुस्तकवेड्या वाचकाला ह्याहून मोठा स्वर्ग कोणता? वाचताना मला तिचा हेवा वाटला, हे सांगायला हरकत नाही. पण ह्या स्वर्गाची दुसरी बाजू काय आहे? तिथे कोणी येत नाही, कारण येण्याची कोणाला परवानगी नाही. त्या ग्रंथांत विहिरींवरचे, पिकांवरचे, वादळांवरचे उपाय आहेत. आणि दूरच्या बेटांवर लोक नेमक्या त्याच गोष्टींनी हैराण झालेले आहेत. राजधानीने त्यांच्यापासून जादू काढून घेतली आहे. म्हणजे किएलाची शांतता ज्या कुलपामुळे शक्य झाली, तेच कुलूप कॅल्ट्रेच्या लोकांच्या हालांचे कारण होते. ती स्वभावाने चांगली, कोणाचे वाईट चिंतणारी नव्हे. तरीही तिच्या निवांतपणात दुसऱ्यांच्या वंचनेचा वाटा होता. आग लावणे हे पाप खरेच; पण आगीच्या आधी कुलूप होते.

दुसरे सुख उघड्या दाराचे. तीच पुस्तके, तीच किएला. पण आता दुकानाच्या दारात कोणी आजारी झाडाची तक्रार घेऊन आलेले असते. ती घाबरते, पुस्तक उघडते, चुकतमाकत उपाय करते. पुस्तक पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी येते. जॅम गोड लागतो तो इथे. पण ही ऊब आणि पहिल्या कोपऱ्यातली ऊब ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वाचकाची फसगत होते ती अशी की, तो दुसऱ्या सुखाच्या नावावर पहिले सुख भोगत राहतो. शेजाऱ्यांच्या सोबतीची गोष्ट वाचत असताना त्याच्या मनात मात्र 'असा एक कोपरा मिळावा, जिथे कोणीही येणार नाही' हीच इच्छा वाढत असते.

कुलपाची ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना जो विरोध झाला, तो ह्या कुलपाच्या मालकांकडूनच झाला. शाळेत ज्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि म्हणून फारसी घ्यावी लागली, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे दादरला 'राजगृह' बांधले ते पुस्तकांसाठी. विद्येची सनद काही थोड्यांच्या हाती ठेवायची आणि बाकीच्यांनी तिला हात लावला तर तो गुन्हा ठरवायचा, ही गोष्ट समजायला मराठी माणसाला कुठल्याही काल्पनिक साम्राज्याची गरज नाही. फार कशाला, शाळेतले पुस्तकांचे कपाट पाहावे. मी मास्तरकी करीत असल्यामुळे अशी कपाटे पुष्कळ पाहिली आहेत. पुस्तक हरवले तर भरपाई मास्तरला करावी लागते. म्हणून कपाटाला कुलूप असते. तपासणीच्या वेळी पुस्तकांची मोजदाद होते, वाचणाऱ्या मुलांची होत नाही. पुस्तके सगळीच्या सगळी शिल्लक असतात, कोरी करकरीत. त्यात कोणाचाही दुष्टपणा नसतो. किएलाचाही नव्हता.

आता कॅल्ट्रे बेटाविषयी. कादंबरीचा दुबळा भाग म्हणून टीकाकार नेमके इथेच बोट ठेवील, आणि ते योग्यही आहे. ह्या बेटावर चांगुलपणा फार स्वस्त आहे. पाववाली बाई पहिल्या भेटीतच जीव लावते. शेजारी न बोलावता छप्पर दुरुस्त करायला येतो. रुसवे लवकर निघतात, आणि संकट आले की सारा गाव एक होतो. ज्याने गावात आयुष्य काढले आहे तो हे वाचून हसेल. शेजारधर्म आपल्याकडे नाही असे नव्हे. रात्री-अपरात्री धावून येणारी माणसे गावातच मिळतात. पण त्या शेजारधर्माला वेस असते. कोणाच्या विहिरीवर कोणी पाणी भरायचे, कोणाच्या ओट्यावर कोणी बसायचे, ह्याचे नियम कागदावरून केव्हाच गेले, तरी मनातून सगळीकडे गेलेले नाहीत. परगावाहून आलेल्या एकट्या बाईला 'तू कोणाची, कुठली, नवरा कुठे आहे' हे न विचारता ओट्यावर बसवून घेणारे गाव विरळाच.

आणि म्हणूनच मला वाटते, त्या कादंबरीतली खरी जादू बोलणाऱ्या झाडात नाही. झाड बोलते, हा किरकोळ चमत्कार. निळ्या केसांची एक एकटी बाई आणि डोक्यावर शिंगे असलेली पाववाली एकमेकींना आडनाव न विचारता शेजारणी होतात, हा मोठा चमत्कार. वाचताना आपल्याला जी ऊब लागते ती ह्या चमत्काराची. आपण तिला जॅमची ऊब समजतो, एवढेच.

असे गाव दाखवणे म्हणजे खोटे बोलणे काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. 'असे एक बेट होते' असे सांगणारी गोष्ट कोणालाही फसवत नाही. ती गोष्ट आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. खोटेपणा सुरू होतो तो वाचक पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहतो आणि 'आमचे गावही असेच आहे की' असे म्हणतो तेव्हा. त्या क्षणी विसाव्याची झोप होते. त्याच खिडकीतून पाहून दुसरा एखादा 'आमचे गाव असे का नाही?' असे स्वतःशी म्हणेल. पुस्तक तेच, सुखही तेवढेच. पण दोघांच्या हाती दोन वेगळ्या गोष्टी लागल्या. ह्यात पुस्तकाचा दोष किंवा पुण्य किती मानायचे?

इथे एका गोष्टीची मला भीती वाटते, ती सांगितली पाहिजे. वाचून माणूस सुधारला तरच वाचनाचे सुख रास्त, असे एकदा ठरवले की विसावा हे औषध होऊन बसते. मग भरतमुनींनी न नेमलेला द्वारपाल आपणच नेमल्यासारखे होईल. फरक एवढाच, की तो जाताना न अडवता परत येताना अडवील आणि विचारील, 'काय सुधारणा झाली दाखवा.' हे मला नको आहे. थकलेल्या माणसाने काहीही न शिकता, काहीही न ठरवता, एका जादूच्या ग्रंथालयात दोन तास नुसते बसून यावे. तेवढा हक्क त्याला आहे, आणि तो कोणाला सिद्ध करून दाखवण्याचे कारण नाही. आजाऱ्याजवळ रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी जो चहा मिळतो, त्या चहाकडून कोणी बोधाची अपेक्षा करीत नाही.

पण वाचक हा काही चोवीस तास वाचक नसतो. तो शेजारी असतो, मास्तर असतो, कपाटाची किल्ली जवळ बाळगणारा असतो. पुस्तकाने त्याला काही शिकवले नसेलही; पण एका गोष्टीची त्याला ओळख पटलेली असते. निर्धास्तपणा कसा असतो, हे त्याने दोन तास अनुभवलेले असते. आणि ज्याने तो अनुभवला, त्याला 'दुसऱ्यांना त्याची काय गरज आहे' असे पूर्वीइतक्या सहजपणे म्हणता येऊ नये. म्हटले, तर तो बोलका ढोंगीपणा होईल. ऊबदार पुस्तकाचे ऋण असलेच तर ते एवढेच आहे. ते पुस्तकाने मागितलेले नसते, आणि फेडण्याची मुदतही नसते.

ह्या ऋणाची फेड कशी दिसते, ह्याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार नावाचे स्ट्रॉबेरीचे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून जाहीर झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय ह्या गावावरून ती कल्पना सुचली. पण तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, आणि इथे लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. येणाऱ्या माणसाने कोणाच्याही घरात शिरावे, पुस्तक काढावे, वाचत बसावे. पैसे पडत नाहीत. त्या गावात हेवेदावे नाहीत असे समजण्याचे कारण नाही. ते काही कॅल्ट्रे नव्हे. तिथे झाडे बोलत नाहीत. पावसाळ्यात त्या डोंगरावर इतका पाऊस पडतो की पुस्तकांना बुरशीपासून जपणे हेच एक मोठे काम असेल. परंतु अनोळखी माणूस आपल्या ओसरीवर पुस्तक वाचत बसला आहे आणि घरची बाई त्याच्या बाजूने आपल्या कामाला ये-जा करते आहे, हे दृश्य तिथे शक्य झाले, आणि त्यासाठी कुठला मंत्र लागला नाही. घराचे दार उघडे ठेवावे लागले.

'द स्पेलशॉप' मी पुन्हा वाचीन, आणि सुखावण्यासाठीच वाचीन. उशीखाली मात्र ती ठेवणार नाही. मागेल त्याला देईन.